खिशातलं पातं

नगरच्या सावेडीत ऊस पिकत नाही, पण हंगाम लागला की आम्हाला कळतं. संध्याकाळी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेलं की महामार्गाकडून ट्रॅक्टरवरच्या गाण्याचा ठेका ऐकू येतो. आधी गाणं येतं, मागून ट्रॅक्टर येतो, आणि डोक्यावरून उसाचे शेंडे लोंबणाऱ्या दोन ट्रॉल्या डुलत डुलत सगळ्यात शेवटी. सकाळी रस्त्यावर चिरडलेल्या कांड्या पडलेल्या असतात, त्यांच्यावर माश्या आणि गोडसर आंबूस वास. शेजारचे लोक म्हणतात, थंडी आली, आता एकदा हुरड्याला जायला पाहिजे. मला मात्र भीती वाटायला लागते. यंदाही लागली.

मी जन्माचा भित्रा माणूस आहे. हायस्कुलात भूगोल शिकवला, नद्यांची उगमस्थानं मुलांकडून घोकून घेतली, पण स्वतः नदीच्या पाण्यात घोट्याच्या वर कधी गेलो नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणाऱ्यांपैकी मी. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. ब्रह्मराक्षसावर आमच्या घरात कोणाचा विश्वास नाही. छप्पन्न साली माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव आणि भुतं एकाच दिवशी उंबऱ्याबाहेर गेली. म्हण तेवढी मागं राहिली, आणि ती मला लागू पडते. आजोबांनी भुतं घालवली, भीती घालवायची राहून गेली.

हा लेख त्या भीतीच्या एका हंगामाबद्दल आहे, आणि त्या हंगामात मी निवडलेल्या एका चाकूबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमची मुलगी प्रज्ञा नेवासा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्य अधिकारी म्हणून लागली. नोकरी सरकारी, गाव प्रवरेच्या काठचं, बागायती. घरात पेढे वाटले गेले. माझी आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिनं नातीच्या पांढऱ्या ॲप्रनवरून हात फिरवला आणि कापड चांगलं आहे असं सांगितलं. प्रज्ञा सकाळच्या एसटीनं फाट्यापर्यंत जायची. फाट्यावरच्या किराणा दुकानामागं तिची स्कूटी ठेवलेली असायची. तिथून पुढं उपकेंद्रापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून जाणारा, मध्ये एक पाट, पाटावर अरुंद पूल. पहिल्या आठवड्यात मी एकदा तिच्याबरोबर जाऊन आलो. ऊस डोक्यापेक्षा उंच होता. स्कूटी चालत असताना दोन्हीकडून पात्यांची सळसळ आमच्याबरोबर पळत होती. ती मला झाडं दाखवत होती, शाळा दाखवत होती. मी आपला उसात कोणी उभं आहे का ते बघत होतो.

आणि मग तोडणी सुरू झाली. ज्याला ऊस माहीत नाही त्याला वाटेल, ऊस तुटला म्हणजे रान मोकळं झालं, भीती संपली. तसं नसतं. उभ्या उसात बिबट्या सुखानं राहतो. तिथं त्याची पिलं होतात, तिथंच ती वाढतात. ऊस तुटला की त्याचं घर जातं, आणि तो या फडातून त्या फडात, वस्तीच्या कडेकडेनं, कुत्री आणि शेरडं उचलत फिरतो. त्या वर्षी प्रज्ञाच्या गावात आधी एक कुत्रं गेलं, मग कोणाचं तरी वासरू. वनखात्यानं पाटाजवळ पिंजरा लावला. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात एक शेळी बांधलेली असायची. ती दिवसभर ओरडायची, आणि येणारे-जाणारे तिला पाला टाकून जायचे. बाया शेतात जाताना गळ्याभोवती जाड फडकं गुंडाळायला लागल्या. पोरं शाळेत जाताना ताट वाजवत जायची. प्रज्ञा गाडीवर मोठ्यानं गाणी म्हणत यायची. तिचा आवाज बरा नाही. त्यामुळे बिबट्या नक्कीच लांब राहत असेल, असं सुनंदाचं मत होतं.

हे सगळं प्रज्ञा रात्रीच्या जेवणाला हसत सांगायची. असंच हसत एकदा तिनं दुसरंही सांगितलं. उपकेंद्रात औषध घ्यायला आलेल्या एका तरुणानं तिला आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून पटकन अंदाज येत नाही. मग त्यानं मूळ गाव विचारलं. मग गावात घर कोणत्या बाजूला, ते विचारलं. तिनं त्यालाही सरळ उत्तर दिलं. “त्याला खोकल्याचं औषध पाहिजे होतं, आणि मला वाटलं हा सात-बाराच लिहून घेतोय,” ती म्हणाली. सुनंदा हसली. मीही हसलो. चारेक दिवसांनी तिनं सांगितलं, मोटारसायकलवर दोघं जण उपकेंद्रापासून पाटापर्यंत मागं मागं येत होते. पाटाच्या पुलावर त्यांनी गाडी आडवी लावली, मोबाईलवर बोलल्यासारखं केलं, आणि मग बाजूला झाले. काही बोलले नाहीत, काही केलं नाही. त्यानंतर तिनं या विषयावर बोलणं बंद केलं. मला वाटतं, माझा चेहरा बघून बंद केलं असणार.

त्या दिवसापासून मी घरात फक्त बिबट्याबद्दल बोलायला लागलो. पेपरात बिबट्याची बातमी आली की मोठ्यानं वाचून दाखवायचो. फोनवर तिला विचारायचो, पिंजऱ्यात काही सापडलं का. बिबट्याचं नाव घेणं सोपं होतं. बिबट्या आडनाव विचारत नाही. त्याला सगळ्या माना सारख्याच, आणि त्याच्यासाठी सरकारचा पिंजरा आहे, गावाची एकी आहे. दुसऱ्या गोष्टीचं नाव घेतलं असतं तर घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या आठवणीत जाऊन बसलं असतं. माझी आई तर फारच लांब गेली असती. या जिल्ह्यात आमच्यासारख्या घरांना ती भीती शिकवावी लागत नाही. गाव चांगलं होतं, हेही खरं. प्रज्ञाला बाया शेंगा द्यायच्या, उसाची कांडी सोलून द्यायच्या, लेकीच्या बाळंतपणाला तीच पाहिजे म्हणून अडून बसायच्या. पण गाव चांगलं असून भागत नाही. वाईट व्हायला दोघं पुरतात.

तेव्हा मी चाकू बघायला लागलो.

आधी मोबाईलवर. ‘रोज खिशात ठेवायचा चाकू’ असं एकदा टाकलं, आणि पुढं महिनाभर तो मोबाईल मला चाकूच दाखवत राहिला. दाढीवाले गोरे लोक जंगलात बसून दोरखंड कापायचे, लाकूड तासायचे, पात्यावरून प्रेमानं बोट फिरवायचे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ते हौसेनं चाकू बाळगत होते. मला ते बघून राग यायचा आणि हेवाही वाटायचा. सुनंदानं एकदा मागून डोकावून बघितलं. या वयात कोणाचा मुडदा पाडायचा विचार आहे, असं विचारून ती भाजी निवडायला निघून गेली.

चाकू कसा पाहिजे, हे मात्र मला हळूहळू स्पष्ट होत गेलं. तो बारीक पाहिजे, म्हणजे प्रज्ञाच्या ॲप्रनच्या खिशात त्याचा फुगवटा दिसता कामा नये. कारण खिशात काहीतरी आहे असं दिसलं की ते काय आहे हे कोणीतरी विचारणारच. तो मिटणारा पाहिजे, पण खिशात आपोआप उघडणारा नको. उघडल्यावर पातं मागच्या खटक्यानं घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर जोर दिला की उलटून स्वतःचीच बोटं कापायची. एका हातानं उघडता आला पाहिजे, पण बटण दाबून सपकन बाहेर येणारा नको. बटणाचा चाकू म्हणजे गुंडाचा, तो बॅगेत सापडला तर पोलीस आधी तिलाच बसवून ठेवतील. पातं फार लांब नको. कोणी हिसकावून घेतला तर, हा विचार आला की मला पातं आणखी आखूड पाहिजे असायचं. आणि मग तो तिच्या उपयोगाला काय येणार, हा विचार आला की पुन्हा लांब. असा मी चाकूचं पातं मनातल्या मनात रोज लांब-आखूड करत बसायचो.

खरं तर चाकूचं आणि आमच्या घराचं जुनं वाकडं आहे. लहानपणी गावच्या जत्रेत माशाच्या आकाराचे मिटणारे चाकू मिळायचे. पितळी मासा, त्याला खवले कोरलेले, डोळ्याच्या जागी ठिपका, आणि पोटातून पातं निघायचं. वर्गातल्या सगळ्या पोरांकडे ते असायचे. त्या चाकूंनी ती पोरं पेन्सिली तासायची, कैऱ्या कापायची, बाकावर नावं कोरायची. मी एकदा आजोबांकडं हट्ट धरला. आजोबा तसे लाड करायचे, जत्रेत भोंगा मागितला तर भोंगा आणि वर गोडीशेव द्यायचे. पण माशाकडं बोट दाखवल्यावर त्यांनी माझा हात धरून मला तिथून ओढतच नेलं. आपल्या खिशात पातं नको, एवढंच म्हणाले. घरी भाजी विळीवर चिरली जायची. मी पेन्सिल दुसऱ्याच्या माशानं तासून घ्यायचो, आणि आजोबांना कंजूष समजायचो.

नगरच्या बाजारात कुलपं, कात्र्या, अडकित्ते विकणारं एक जुनं दुकान आहे. मी दुपारच्या वेळी गेलो, गिऱ्हाईक नसेल म्हणून. दुकानदार माझ्याच वयाचा, नाकावर चष्मा. चाकू दाखवा म्हटल्यावर त्यानं कशासाठी ते विचारलं. मी म्हणालो, फळं कापायला. त्यानं प्लॅस्टिकच्या मुठीचे, रंगीबेरंगी, सालं काढायचे चाकू काढले. मी मिटणारे मागितले. मग त्यानं एक जाडजूड लाल चाकू काढला, त्यात कात्री, बूच काढायचा आकडा, दात कोरायची काडी, सगळा संसार होता. मी म्हणालो, बारीक पाहिजे, खिशात कळू नये असा. तेव्हा त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं नीट बघितलं. सर, खिशात कळू नये असा चाकू फळांना कशाला लागतो, असं त्यानं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, की मुलीला पाहिजे, ती उसाच्या गावात नोकरीला आहे. त्यानं बाहेरचे सगळे चाकू गोळा करून आत ठेवले आणि खालच्या खणातून एक काढून काउंटरवर ठेवला.

हाच तो. मूठ काळसर लाकडाची, माझ्या करंगळीएवढी रुंद. पातं मधल्या बोटापेक्षा थोडं लांब, त्याच्या पाठीवर नखानं उघडायला एक खाच आणि शेजारी अंगठ्याला एक बारीक खुंटी. उघडला की मागं खटका बसल्याचा ‘टक्’ असा आवाज यायचा. तो आवाज ऐकून मला जरा धीर आला, आणि लगेच वाटलं, हा आवाज कधी खरोखर ऐकायची वेळ आली तर. दुकानदारानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी तो आतल्या खिशात घालून रिक्षात बसलो. सावेडीपर्यंत मला सारखं वाटत होतं की रस्त्यावरचे सगळे माझ्या खिशाकडेच बघताहेत. एका साध्या चाकूनं मला चोर करून टाकलं होतं.

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर बसून सराव केला. आधी दोन्ही हातांनी, मग एका. मग डोळे मिटून. डोळे मिटून तिसऱ्यांदा उघडताना अंगठा कापला. सुनंदानं हळद दाबली, चिंधी बांधली आणि म्हणाली, लेकीच्या रक्षणाला निघालेला माणूस पहिल्याच लढाईत घायाळ झाला. तिचा आवाज थट्टेचा होता, पण चिंधीची गाठ मारताना तिनं माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. तीही काही कमी भ्यायलेली नव्हती. तिची भीती स्वयंपाकघरात असायची. संध्याकाळची एसटी उशिरा आली की त्या दिवशी चार भाकरी जास्त व्हायच्या.

धारेची वस्तू हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि दुसऱ्यानं उचलावी, असं लोक मानतात. नाहीतर दोघांचं बिनसतं म्हणे. आम्ही मानत नाही. तरी त्या संध्याकाळी मी चाकू टेबलावर ठेवला आणि तिच्याकडं सरकवला. प्रज्ञानं तो उचलला नाही. “बाबा, हातात द्या की. आपण कधीपासून मानायला लागलो?” ती म्हणाली. मग मी तो उचलून तिच्या हातात दिला. दिला खरा, पण नंतर आठवडाभर तिनं जरा तुटक उत्तर दिलं की मला तो हातात दिलेला चाकू आठवायचा.

“कशासाठी हा?” तिनं विचारलं.

“बिबट्यासाठी,” मी म्हणालो.

तिनं तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी खाच शोधेपर्यंत बिबट्या थांबणार आहे का, असं काहीतरी म्हणून ती हसली. मग माझ्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडं तिचं लक्ष गेलं, आणि तिनं चाकू मुकाट्यानं ॲप्रनच्या खिशात टाकला.

त्या हंगामातल्या संध्याकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. थंडीत धूर खाली बसतो. कुठंतरी उसाचं पाचट जाळलेलं असायचं आणि त्याचा करपट वास प्रज्ञाच्या ओढणीला लागून आमच्या फ्लॅटपर्यंत यायचा. मी गॅलरीत उभा असायचो. रिक्षाचा आवाज, फाटकाचा आवाज, जिन्यावर तिची पावलं. ती पावलं ऐकू आली की मी आत येऊन दार उघडायचो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बूट घातले की पुन्हा गॅलरीत उभा राहायचो. लोक म्हणतात भीतीची सवय होते. माझा अनुभव असा की भीतीला आपली सवय होते. ती घरात चप्पल काढून बसते, चहाच्या वेळी हजर असते.

त्याच दिवसांत मी एक काम अंगावर घेतलं. प्रज्ञाचा ॲप्रन रोज धुवायला पडायचा, त्याचे खिसे रिकामे करायचं काम. पेन, टेप, चिठ्ठ्या, आणि चाकू. चाकू हातात आला की मी तो उघडायचो आणि पात्याचा वास घ्यायचो. कोणी बघत नाही हे बघून. पहिल्या दिवशी सहज घेतला, मग चटकच लागली. पात्याला पेरूचा वास यायचा. तिच्या उपकेंद्रामागं पेरूची बाग होती, आणि थंडीत त्या भागातला पेरू असा पिकतो की खोलीत ठेवला तर घरभर कळतं. कधी पात्याला उसाचा चिकट रस असायचा, कधी चिकटपट्टीचा डिंक, कधी मुठीच्या फटीत बँडेजचा दोरा. पण पेरू बहुतेक रोज. तो वास नाकात गेला की मला कळायचं, आजचा दिवस साधा गेला. चाकूनं फळच कापलं. त्या वासावर मी रात्री झोपायचो.

एका संध्याकाळी मी दूध घेऊन वर आलो तर ॲप्रन खुंटीला आणि न्हाणीत पाण्याचा आवाज. प्रज्ञा आली होती. सुनंदा म्हणाली, आज पोरगी बोलली नाही, आल्या आल्या आंघोळीला गेली. मी खिशात हात घातला. चाकू ओलसर होता. उघडला. पातं लखलखीत. वास घेतला, तर साबणाचा.

चाकू कोणी कधी धुतो, हे भूगोलाच्या मास्तरालाही माहीत आहे. पुलावरची ती दोन माणसं, आडवी लावलेली गाडी, डोळ्यांसमोर जे जे येऊ नये ते सगळं आलं. न्हाणीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत पाणी पडतच होतं. दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. चाकू घेण्याच्या आधी मी सगळ्याचा विचार केला होता, खटक्याचा, खाचेचा, पात्याच्या लांबीचा. तो वापरल्यानंतरच्या संध्याकाळचा विचारच केला नव्हता.

मी चाकू मुठीत धरून आईच्या खोलीत गेलो. ती खाटेवर बसली होती. माझ्या हातात काय आहे ते तिनं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, “म्याच धुतला त्यो.”

मी तिथंच, खाटेच्या कडेला बसलो. कशाला धुतलास, मी विचारलं.

“वास मारीत हुता.”

पेरूचा वास होता आई, मी म्हणालो. तो काय वाईट आहे.

आईनं माझ्या हातातून चाकू घेतला. तिची बोटं संधिवातानं वाकलेली होती, त्यामुळे उघडायला वेळ लागला, पण तिनं मला मदत करू दिली नाही. “आज पेरूचा. उद्या कशाचा आसंल? पात्याला वास लागतो. मंग त्यो खिशाला लागतो, मंग हाताला,” ती म्हणाली. “म्या लगीन हून आले तवा तुज्या आज्याची सुरी म्या घासायची. राखंनं, वाळूनं, मातीनं. ढोरं सोलायची सुरी ती. माजे हात एवढं एवढं हुतं. किती घासलं तरी वास जाईना. दुकानदार म्हनायचा, पैसं लांबून टाक, वास येतो. आमच्या हाताचं समद्याला निमित्त झालं.”

आजोबांच्या सुरीबद्दल आई कधीच बोलली नव्हती. गावानं आमच्या घराला मेलेली जनावरं ओढायचं आणि सोलायचं काम लावून दिलं होतं, हे मला माहीत होतं, पुस्तकात असतं तेवढं. धम्म घेतल्यावर आजोबांनी ती सुरी प्रवरेच्या डोहात टाकली, हे आईनं त्या संध्याकाळी सांगितलं. टाकून आले आणि सगळ्या घराला म्हणाले, आता आपल्या खिशात पातं नको. मला जत्रेतला पितळी मासा आठवला.

“ह्या घरात पातं परत आनलंस,” आई म्हणाली. “आनलंस ते आनलंस, पोरीला लागत आसंल. पन तिच्या हाताला वास लागाय नको. म्या हाय तवर धुनार.” मग तिनं विचारलं, “कशापायी दिलास तिला?”

“बिबट्यासाठी,” मी म्हणालो.

आईनं चाकू मिटून माझ्या हातात दिला, हातातून हातात.

प्रज्ञा न्हाणीतून आली, केस पुसत भाकरी मागायला लागली. दिवसभर लसीकरण होतं, बाळं रडून रडून तिचं डोकं उठलं होतं, म्हणून बोलली नव्हती. एवढंच होतं. मी दोन घास जास्त जेवलो.

पुढं उरलेला हंगाम आम्हा मायलेकांची एक गमतीची शर्यत चालली. आईच्या आधी ॲप्रनपर्यंत पोचलो तर मला वास मिळायचा. ती आधी पोचली तर साबण. शेवटी आमचं न बोलता ठरून गेलं. आधी मी घ्यायचो, मग तिच्या खोलीत नेऊन द्यायचो, आणि ती मोरीशी बसून पातं, खाच, खटका सगळं घासायची, लुगड्याच्या पदरानं कोरडं करायची. दोन म्हातारी माणसं एका चाकूभोवती. मला वास पाहिजे होता, तिला तो जायला पाहिजे होता. भीती मात्र दोघांची एकच होती.

फाल्गुनात ऊस संपला, तोडणीच्या टोळ्या परत गेल्या, पिंजरा दुसऱ्या गावाला हलवला. त्या पिंजऱ्यात काही सापडलं नाही. शेळी तेवढी गावात कोणाकडं तरी राहिली. त्यानंतरही हंगाम आले, प्रज्ञा त्याच रस्त्यानं जात राहिली, पण तो पहिला हंगाम जसा अंगात बसला तसे बाकीचे बसले नाहीत. गेल्या पावसाळ्यात आई गेली. अगदी शांतपणे गेली. तेव्हापासून चाकू मी धुतो. तिच्यासारखा चकचकीत होत नाही.

आणि आता यंदाचा हंगाम लागतो आहे, तोच प्रज्ञाची बदली जामखेडकडं झाली. रोजचं जाणं-येणं जमणार नाही, तिथं खोली घेतली आहे. मी जाऊन बघून आलो. सगळा कोरडा मुलूख. ज्वारी, तूर, माळरान, लांबवर एखादं लिंबाचं झाड. रस्त्यावरचा माणूस दोन टेकड्या अलीकडून दिसतो. मला ते बघून इतकं बरं वाटलं की मी तिथल्या एसटी स्टँडवर दोन वेळा चहा घेतला. भूगोलात मी पोरांना शिकवायचो, अवर्षणप्रवण प्रदेश. त्या शब्दात एवढा दिलासा असेल असं कधी वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी ती बॅग भरत होती. टेबलावर तिच्या वस्तू मांडलेल्या होत्या, त्यात मी चाकू आणून ठेवला. बाहेर महामार्गावरून ट्रॅक्टरचं गाणं जात होतं. तिनं चाकूकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“बाबा, तिकडे ऊस नाही,” ती म्हणाली. “बिबट्या नाही.”

खरं होतं. इतकी वर्षं मी हेच कारण सांगत आलो होतो, आणि आता ते कारण संपलं होतं. मी म्हणायला हवं होतं, मग राहू दे इथंच. पण मी चाकू उचललाही नाही. ती वाट बघत राहिली. ट्रॅक्टर लांब गेला.

मग तिनं तो उचलला. मोरीवर नेऊन साबण लावला, खाच घासली, खटका घासला, ओढणीच्या टोकानं सांधा कोरडा केला, अगदी आईसारखा. आणि माझ्याकडं पाठ असतानाच बोलली.

“बिबट्यासाठी तो कधीच नव्हता, बाबा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाट आला की मी गाडी थांबवून तो उघडायचे. डाव्या मुठीत धरून फाट्यापर्यंत यायचे. रोज.”

मी म्हणालो, पण पात्याला तर पेरूचा वास यायचा.

“तुम्ही वास घेता ते बघितलं होतं मी,” ती म्हणाली. “म्हणून फाट्यावर एसटीची वाट बघताना एक पेरू कापायचे.”

तिनं चाकू मिटला. टक् असा आवाज झाला. ॲप्रनच्या घडीत, खिशाच्या जागी, तो ठेवला. मी खुर्चीवर बसलो.

“जामखेडच्या बाजारात पेरू मिळतात का गं?” मी विचारलं.

“मिळतील की,” ती म्हणाली, आणि तिनं बॅगेची चेन ओढली.